धनंजयराव गाडगीळ आणि नीराकाठची दप्तरे

ताम्रपट, शिलालेख, वतनपत्रे आणि कैफियती ह्यांच्या चर्चेस सरावलेल्या वाचकांस ह्या पृष्ठांत विसाव्या शतकातील एका अर्थशास्त्रज्ञाच्या चरित्राचा विषय पाहून किंचित् आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. म्हणून हा विषय घेण्यास कारण काय झाले ते प्रथम सांगतो.

गेल्या चैत्रात आम्ही पणदरे येथे आमच्या घराच्या ओसरीवर बसलो असता रद्दीवाल्याचा टेम्पो दाराशी थांबला. मागील भागात वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली तीन पोती होती, व एका पोत्याच्या फाटक्या तोंडातून तांबड्या खारव्याच्या बांधणीची एक वही डोकावत होती. शेजारच्या एका गावच्या पतपेढीने (तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही) कचेरीची नवी इमारत बांधल्यावर जुने दप्तर अडगळ म्हणून काढले होते. सौदा किलोवर झालेला होता. आम्ही त्याच दराने थोडे अधिक देऊन चौदा वह्या व कागदांचा एक रुमाल उतरवून घेतला. उरलेल्या वह्या भिजून त्यांचे लगदे झाले होते, त्या तशाच पुढे गेल्या. हाती आलेल्यांपैकी दोन वह्या मोडीत आहेत, शेष बाळबोधीत. त्यांत रोजकीर्द आहे, खतावणी आहे, सभासद-नोंदवही आहे, पंचकमिटीच्या सभांचे इतिवृत्त आहे, आणि रुमालात कर्जाचे इकरार, पिकांवरील कर्जाची कमाल मर्यादा दाखविणारी पत्रके व पाटाच्या पाण्याच्या पाळीपत्रकांच्या काही नकला आहेत.

जुन्या कागदांचे वाचन करणारास ठाऊक असते की, कागदाचा नमुना ज्याने ठरविला त्याचा हेतू कळल्यावाचून कागद बोलत नाही. पेशवाईतील ताळेबंद समजावयाचा तर फडणिशीची पद्धत माहीत पाहिजे. त्याच न्यायाने ह्या चौदा वह्या उलगडताना आम्हांस पदोपदी ज्या पुरुषाच्या विचारांशी गाठ घालावी लागली, ते धनंजय रामचंद्र गाडगीळ होत. ते आमच्या भागातील नव्हत. परंतु नीरेच्या डाव्या कालव्यावरील कुणब्याच्या कर्जाची आणि उसाची जी नोंद झाली, ती ज्या व्यवस्थेखाली झाली तिच्या रचनेत त्यांचा वाटा फार मोठा आहे.

प्रथम भूमीविषयी थोडेसे. बारामतीचे नाव आमच्या वाचकांस मोरोपंतांमुळे परिचित आहे. मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक जोशी हेही अपरिचित नाहीत. हे नाईक घराणे सावकारीचे, आणि पेशव्यांचे सोयरे. थोरल्या बाजीरावांस त्यांनी कर्ज दिले होते. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर हेच नाईक नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने शाहू महाराजांजवळ पेशवेपदाची मागणी घेऊन उभे राहिले, आणि नानासाहेबांस आपल्या पैशाचा तगादाही त्यांनी ह्याच वेळी लावला. म्हणजे आमच्या ह्या लहानशा गावात एके काळी एवढे भांडवल होते की, ते राज्याच्या प्रधानपदाला कर्जाच्या दोरीने ओढू शकत होते! ते भांडवल शेतीत गेले नाही, फौजांच्या खर्चात गेले.

दुसरी गोष्ट १८७५ ची, शके १७९७ च्या वैशाखातील. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरे व दुकाने लुटली. सुपे त्या काळी भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात मोडते. इतिहासात ज्याला दक्षिणेतील दंगे म्हणतात त्याचा हा प्रारंभ. संशोधकाने लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, ह्या दंग्यांचा मुख्य रोख मनुष्यांवर नव्हता, कागदांवर होता. जेथे सावकारांनी रोखे निमूटपणे हवाली केले तेथे बहुधा मारहाण झाली नाही. रोखे आणि खाती जाळली म्हणजे लोक पांगत. निरक्षर ऋणको कागदाला भीत होता, कारण त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यापुढे १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सावकाराच्या वहीला उत्तर म्हणून सभासदांची स्वतःची वही निर्माण करणे, ह्या एका वाक्यात त्या कायद्याचा आशय सांगता येईल.

तिसरी गोष्ट पाण्याची. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण व नीरेचा डावा कालवा ही कामे हाती घेण्यात आली, आणि १८८५ च्या सुमारास पाणी ह्या बाजूस खेळू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुणे जिल्ह्यात अभियंते असता त्यांनी ह्याच कालव्यावर पाणी वाटण्याची ‘ब्लॉक’ पद्धती सुरू केली. ऊस, भुसार व हलकी पिके ह्यांची पाळी ठरवून जमिनीचे तुकडे पाडावयाचे व ठराविक मुदतीपुरते पाणी मंजूर करावयाचे, असा तिचा क्रम होता. पाणी आले तसे त्याचे दुखणेही आले. पाण्याचा निचरा न झाल्याने नीरेच्या खोऱ्यातील जमिनी खारवट व चोपण होऊ लागल्या, आणि १९१० मध्ये हॅरोल्ड मॅन व ताम्हाणे ह्यांनी त्यांवर शेतकी खात्याची स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हेच मॅनसाहेब पुढे पिंपळे सौदागर ह्या पुण्याजवळील खेड्याची आर्थिक पाहणी करून प्रसिद्धीस आले. एक खेडे घेऊन त्यातील प्रत्येक घरची जमीन, कर्ज व मिळकत लिहून काढावयाची, ही रीत महाराष्ट्रात त्यांनी घालून दिली. गाडगीळांनी तिला तालुक्याचे, नंतर जिल्ह्याचे, शेवटी देशाचे रूप दिले.

ऊस म्हटला की भांडवल आले. १९११ मध्ये लल्लूभाई सामळदास व विठ्ठलदास ठाकरसी ह्यांच्या प्रयत्नाने मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली, आणि तिने आपल्या आरंभीच्या काळातच नीरा कालव्यावरील बागायतदारांस कर्ज पुरविण्यासाठी बारामतीस शाखा काढली. आमच्याजवळील दोन मोडी वह्या ह्याच परंपरेतल्या आहेत. त्याच बँकेचे, ती पुढे राज्य सहकारी बँक झाल्यावर, अध्यक्षपद गाडगीळांनी भूषविले.

आता चरित्राकडे वळू. धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण नागपुरास. तेथून ते केंब्रिजला क्वीन्स कॉलेजात गेले. तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून ऑक्सफर्डच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्या वेळी ग्रंथकाराचे वय अवघे तेवीस होते. पुढे अर्धशतकभर ह्या पुस्तकाच्या आवृत्ती निघत राहिल्या. थोडे दिवस मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काढून ते १९२५ मध्ये सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारी नोकरीत राहते तर मोठ्या हुद्द्यावर चढले असते, ह्यात शंका नाही.

१९३० मध्ये साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे ह्यांनी भारत सेवक समाजास देणगी दिली व तीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या एकाच आसनावर राहिले. ना. गोखल्यांच्या नावाची संस्था, गोखल्यांनीच १९०५ मध्ये स्थापिलेल्या समाजाचे ग्रंथालय, आणि शिकविण्यापेक्षा शोधण्यावर भर देणारा संचालक, असा तो योग होता. आमच्या वाचकांस हे वातावरण परके वाटणार नाही. १९१० मध्ये राजवाडे व मेहेंदळे ह्यांनी पुण्यास इतिहाससंशोधनाचे जे मंडळ काढले, त्याचे ब्रीद अस्सल कागदाशिवाय लिहावयाचे नाही हे होते. गाडगीळांचे ब्रीदही तेच, भेद एवढाच की त्यांना हवा असलेला कागद कोणाच्या माळ्यावर तयार पडलेला नव्हता. तो प्रश्न विचारून, घरोघर हिंडून, स्वतःच लिहून घ्यावा लागे.

संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांची नुसती नावे घेतली तरी ही दृष्टी ध्यानात येते. १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-वाहतुकीची. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीधंद्याची. १९४५ मध्ये पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग. मोटारगाड्यांच्या पाहणीवर त्या काळी विद्वानांनी नाके मुरडली असतील तर आश्चर्य नाही. संस्कृताच्या आमच्या गुरुजींनी तर ‘हे शास्त्र नव्हे, हा जमाखर्च’ असेच म्हटले असते. परंतु जमाखर्च हेच ज्याचे शास्त्र, त्याला दोष कसा द्यावयाचा? कौटिल्याने कृषी, पशुपालन व वाणिज्य ह्या तिहींस मिळून ‘वार्ता’ म्हटले व राजाच्या विद्यांत तिला स्थान दिले. भागवतात त्याच वार्तेचे भेद सांगताना कुसीद, म्हणजे व्याजबट्टा, हा चौथा जोडला आहे. गाडगीळांच्या आयुष्याचा अर्धा भाग ह्या चौथ्या भेदात खर्ची पडला.

शाळामास्तर ह्या नात्याने आम्हांस त्यांच्या आणखी एका पाहणीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. प्राथमिक शाळा सोडलेली मुले पुढे लिहिणे-वाचणे विसरून पुन्हा निरक्षर होतात की काय, हे त्यांनी सातारा जिल्ह्यात प्रत्यक्ष तपासले. तो वृत्तांत १९४५ चा. दहा वर्षांनी वि. म. दांडेकरांच्या सहकार्याने त्यांनी त्याच जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावर दुसरा वृत्तांत लिहिला. पटावर किती मुले आहेत हे सांगणारे पुष्कळ असतात. पट सोडून गेलेल्या मुलाचे काय झाले हे विचारणारा विरळा. सुप्याच्या कुणब्याने जो कागद जाळला, तो त्याला वाचता आला असता तर त्याने जाळला असता काय, हा प्रश्न ह्या दोन वृत्तांतांच्या मागे उभा आहे असे आम्हांस नेहमी वाटते.

आमच्या भागाशी सर्वांत निकट असलेला त्यांचा ग्रंथ म्हणजे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील १९४८ चा वृत्तांत. त्यातील प्रश्न नीरेलाही तसाच लागू आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. दख्खनचे कालवे सरकारी हिशेबात बहुतांशी ‘संरक्षक’ म्हणून धरले जात. पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज सुटत नाही, सबब काम नुकसानीचे, परंतु दुष्काळ निवारण्यासाठी सोसावयाचे, अशी ती दृष्टी. गाडगीळांनी विचारले की, कालव्याचा लाभ फक्त पाणीपट्टीच्या रकान्यात का शोधावा? पाटाखालचे गाव व त्याच मातीचे पाटाबाहेरचे कोरडवाहू गाव शेजारी ठेवून पाहिले तर पीक किती वाढले, मजुरी किती मिळाली, गुऱ्हाळ, गाडीभाडे, बाजार, दुकाने ह्यांत किती उलाढाल झाली, सरकारलाच दुसऱ्या करांच्या रूपाने किती पोचले, ते दिसेल. प्रत्यक्ष लाभ आणि अप्रत्यक्ष लाभ ह्यांची ही वेगवेगळी मोजणी त्या काळी नवी होती. आमच्या संग्रहातील पाळीपत्रकांच्या नकला पूर्वी आम्ही केवळ पाण्याचे वेळापत्रक म्हणून बाजूस ठेवल्या असत्या. हा वृत्तांत वाचल्यावर त्याच कागदात कोणत्या गटाला कोणत्या दिवशी पाणी मिळाले व म्हणून कोणाच्या शेतात त्या आठवड्यात मजूर लागले, हे शोधता येते.

नुसता पाहून लिहिणारा पुरुष म्हणून मात्र गाडगीळांकडे पाहता येणार नाही. १९४४ मध्ये शेतीच्या अर्थपुरवठ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. शेतकऱ्याच्या बुडीत कर्जाची तडजोड सक्तीने करावी व पतपुरवठ्यासाठी स्वतंत्र मंडळे स्थापावीत, असा तिचा सल्ला होता. १९४७ मध्ये गोरवाला ह्यांच्या अध्यक्षतेखाली वस्तूंच्या किमतींचा विचार करणारे मंडळ नेमले गेले, त्यात गाडगीळ सदस्य होते. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने नियंत्रणे उठविण्याचा मार्ग धरला तेव्हा हे दोघेही त्यातून बाहेर पडले. मत मानले गेले नाही तर खुर्ची धरून बसावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

पुढचे प्रकरण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण. केंब्रिजमध्ये प्रबंध लिहिलेला हा विद्वान साखर कारखान्याचा अध्यक्ष झाला. लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी प्रवरेच्या पाण्यावरील ऊस-उत्पादकांस एकत्र करून सहकारी कारखाना काढण्याचा निश्चय केला. ऊस शेतकऱ्याचा आणि कारखाना कंपनीचा, ही तोवरची रूढी होती. आमच्याच बाजूस पाहावयाचे तर इंदापूर तालुक्यात कळंब येथे वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाचा कारखाना १९३०-४० च्या दशकात उभा राहिला व त्या वसाहतीस पुढे वालचंदनगर हे नाव पडले. त्याच दशकात सासवडच्या माळी बागायतदारांनी आपली कंपनी स्थापून माळीनगरचा कारखाना काढला. तो शेतकऱ्यांचा खरा, पण कंपनीच्या कायद्याखालचा. विखे पाटलांचा बेत ह्या दोहोंहून वेगळा होता. प्रत्येक सभासदास, त्याचे भाग कितीही असोत, एक मत. नफा भागांवर नव्हे तर घातलेल्या उसाच्या वजनावर. आणि कारखान्याने सभासदाचा ऊस घेतलाच पाहिजे. बोलावयास सोपे, परंतु त्यासाठी लाखो रुपये उभे करावयाचे होते आणि सभासदांत भाग भरण्यास दागिने मोडावे लागतील अशी पुष्कळ घरे होती. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष. मुंबई सरकारात वैकुंठलाल मेहता अर्थमंत्री असल्याने सहकाराला सहानुभूतीचा कान मिळाला. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चाके फिरली.

येथे वाचकांनी कागदाकडे पुन्हा यावे. कंपनीच्या कारखान्यात शेतकऱ्याचे नाव फक्त ऊस विकणारा म्हणून येते; वजनपावती झाली, पैसे चुकते झाले, संबंध तुटला. सहकारी कारखान्यात तेच नाव चार ठिकाणी येते: सभासद-नोंदवहीत, ऊस-नोंदणीत, वजनाच्या पावतीवर आणि बिलातून परस्पर वळती झालेल्या कर्जाच्या खात्यात. गावची पतपेढी पिकावर कर्ज देते, तिच्या हक्काची नोंद इकरारातून जमिनीच्या उताऱ्यावर चढते, ऊस कारखान्यात जातो, आणि कारखाना बिलातून पतपेढीचे देणे आधी कापून उरलेली रक्कम सभासदाच्या हाती देतो. कर्ज व विक्री ह्यांची ही जी सांगड, तिचा पुरस्कार गाडगीळांनी आयुष्यभर केला. जमीन तारण घेऊन कर्ज देण्याऐवजी उभ्या पिकाच्या गरजेवर कर्ज मोजावे, हे तत्त्वही तेच. आमच्या रुमालातील कमाल मर्यादा पत्रके ह्या तत्त्वाची अपत्ये आहेत. प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, त्याची उसाची व भुसाराची जमीन, एकरी ठरविलेला दर आणि मिळणारे कर्ज. सावकाराच्या खात्यात मनुष्याची ऐपत असे. ह्या पत्रकात पिकाची गरज आहे. खतावणीचे पान तेच, शाईही तीच, पण हा भेद मोठा आहे.

सहकाराविषयी गाडगीळ भोळे मात्र नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी केली, तिचे सूत्रचालन गोरवाला, गाडगीळ, वेंकटप्पय्या व शास्त्री ह्या चौघांच्या समितीकडे होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी घेऊन सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाने दाखविले की, शेतकरी काढीत असलेल्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग शेकडा ३.१ आणि सरकारकडून येणारा शेकडा ३.३ आहे, धंदेवाईक व शेतकरी-सावकार मिळून शेकडा सत्तराच्या घरात. म्हणजे १९०४ च्या कायद्यानंतर जवळजवळ अर्धशतक लोटले तरी सुप्याच्या दंग्यास कारण झालेला सावकार आपल्या गादीवर बसलेलाच होता! समितीने अपयश लपविले नाही. संस्था दुबळ्या आहेत म्हणून सरकारने त्यांत भागीदार व्हावे, कर्ज, विक्री व गोदामे ह्यांची एकत्र योजना करावी, आणि खेड्यापर्यंत पोचणारी एक मोठी सरकारी बँक असावी, अशी शिफारस तिने केली. इंपीरियल बँकेचे १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत रूपांतर झाले, ते ह्याच शिफारशीतून.

सरकारच्या भागीदारीविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे व ते लिहिण्यास संकोच वाटत नाही. दुबळ्यास आधार पाहिजे हे खरे; पण ज्याने भांडवल घातले तो पुढे कारभारातही बसतो. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत आरंभीच्या सभांत बी-बियाणे, खताची पोती, थकबाकी ह्यांवर कडाक्याचे वाद नोंदले आहेत. काही वर्षांनंतरच्या पानांवर ‘वरून आलेले परिपत्रक वाचून दाखविण्यात आले व सर्वानुमते मंजूर’ एवढेच येऊ लागते. एका वहीवरून सिद्धांत करणे अशास्त्रीय होईल. तथापि अशा पन्नास गावांची इतिवृत्ते हाती आली तर हा बदल कोठे, केव्हा व कोणाच्या कारकीर्दीत झाला हे ठरविता येईल, आणि गाडगीळांच्या शिफारशीची खरी परीक्षा तेथेच होईल.

प्रवरेचे उदाहरण पाहून नीरेकाठानेही उचल खाल्ली. पणदऱ्याच्या शेजारी माळेगाव येथे, पलीकडे भवानीनगरास आणि पुढे सोमेश्वरनगरास सहकारी कारखाने उभे राहिले. आज ह्या पट्ट्यातील चाळिशीपलीकडच्या कोणाही मनुष्यास विचारावे: ‘पाळी’, ‘टोळी’, ‘पहिली उचल’, ‘अंतिम बिल’ हे शब्द त्याच्या बालपणातले आहेत. ज्या अर्थव्यवस्थेने भाषा बदलली तिचे दप्तर तीन पोत्यांत मावावे व किलोवर जावे, ह्याचा विषाद होतो.

१९५९ मध्ये गाडगीळांनी अर्वाचीन हिंदी व्यापारी वर्गाच्या उगमावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याला त्यांनी अंतरिम अहवाल म्हटले, इतके ते स्वतःच्या निष्कर्षांविषयी सावध. १७५० च्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत व्यापार व सावकारी कोणत्या जातींच्या हाती होती आणि इंग्रजी अमलात त्यांपैकी कोण टिकले, कोण मागे पडले, हा त्याचा विषय. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या संग्रही पेठांतील सावकारांच्या वह्या, हुंड्या व पेढ्यांचे पत्रव्यवहार आहेत, त्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. बाबूजी नाइकांसारख्यांची सावकारी कोठून उगवली व कोठे विरली, ह्या प्रश्नाला तेथे नकाशा मिळतो. उत्तरे मात्र आमच्याच कपाटांत आहेत. ह्याच दिशेने चोक्सी ह्यांनी पेशवे दप्तरातील कंपनी सरकारच्या आरंभीच्या कागदांवरून दख्खनचा आर्थिक इतिहास लिहिला, आणि पुढे १९८९ मध्ये गोखले संस्थेनेच वि. द. दिवेकरांचा १८०५ ते १८३० ह्या काळातील पुणे प्रांताच्या किमती व मजुरीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. वाण्याच्या याद्या व शागीर्दपेशाचे रोजमुरे ह्यांतून इतिहास निघतो, हे ह्या ग्रंथांनी संशयितांस दाखवून दिले.

भाषावार प्रांतरचनेच्या वादात गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने लेखणी घेऊन उतरले. मुंबईसह महाराष्ट्र हा आर्थिक दृष्ट्याही एक घटक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच वर्षी राज्यसभेवर नियुक्त झाले, आणि १९६७ मध्ये त्यांस नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस बोलावण्यात आले. आयुष्यभर सरकारी योजनांवर टीका केलेल्या मनुष्याच्या हाती योजना सोपविली, हा प्रसंग मौजेचाच. देश तेव्हा दोन दुष्काळांतून उठत होता व चौथी योजना लांबणीवर पडली होती.

दिल्लीतील त्यांच्या कामांपैकी एकाचे नावच त्यांच्यावरून पडले. तोवर केंद्राने राज्यांस योजनेसाठी किती साहाय्य द्यावे ह्यास ठराविक नियम नव्हता. योजनावार मंजुरी असे, व ज्याचे वजन अधिक त्याचा वाटा अधिक, अशी तक्रार होत असे. गाडगीळांनी सूत्र दिले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर ह्यांची विशेष गरज आधी बाजूस काढावी. उरलेल्यापैकी शेकडा ६० लोकसंख्येवर, १० सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या राज्यांस, १० करवसुलीच्या प्रयत्नावर, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांस, आणि १० राज्याच्या खास अडचणींस. साहाय्याचे स्वरूप शेकडा ३० अनुदान व ७० कर्ज. राष्ट्रीय विकास परिषदेने ते १९६९ मध्ये मान्य केले. धर्मशास्त्र शिकलेल्यास हा सरळ दायविभाग वाटेल. मनूने ज्येष्ठ भावासाठी ‘उद्धार’ म्हणून थोडा अधिक अंश काढून ठेवावयास सांगितले. गाडगीळांनी उद्धार ठेवला, पण तो थोरल्यास नव्हे तर दुबळ्यास. १९८० मध्ये ह्या सूत्रात फेरफार झाला, पुढेही झाले. २०१५ पासून नियोजन मंडळच राहिले नाही.

त्याच १९६९ त, बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वर्षी, त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने प्रत्येक जिल्ह्याचा पतपुरवठा त्या त्या क्षेत्राचा विचार करून योजावा, असे सुचविले. प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक नेमण्याची पद्धती त्यानंतर सुरू झाली व ती अद्याप चालू आहे. वाई तालुक्यातील शेतांची खाती मांडणाराने देशाच्या बँकांस जिल्ह्याची सीमा शिकवावी, हे त्याच्या साऱ्या अभ्यासास धरूनच झाले.

१९७१ च्या प्रारंभी निवडणुका होऊन सत्ता बळकट झाल्यावर मंडळाची पुनर्घटना ठरली व गाडगीळांनी पद सोडले. दिल्लीहून पुण्यास परतत असता ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांचा अंत झाला. वय सत्तर वर्षांचे.

आता आमच्या चौदा वह्यांची स्थिती येणेप्रमाणे आहे. चारांस कसर लागली होती. त्या उन्हात न घालता सावलीत उलगडून, पानापानावर कोरडा कुंचला फिरवून, निंबाच्या पाल्यासह फडक्यात बांधल्या आहेत. मोडी वह्यांचे लिप्यंतर चालू असून पहिलीची ऐंशी पाने झाली आहेत. सभासदांची नावे हयात कुटुंबांची असल्याने कर्जाच्या रकमा नावानिशी छापावयाच्या नाहीत, असा निश्चय केला आहे. अनुक्रमांक घालून तक्ता केला की संशोधनास तेवढा पुरतो. ज्या सभासद-बंधूंच्या गावी सोसायटीची, गुऱ्हाळाची, आडत दुकानाची अथवा कारखान्याच्या गटकचेरीची जुनी बाडे असतील त्यांनी सध्या निदान तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: वहीचा प्रकार, पहिली व शेवटची मिती, आणि ती सांप्रत कोणाच्या ताब्यात आहे. इतिवृत्ताची वही मिळत असेल तर ती सर्वांत आधी घ्यावी. खतावणीतील आकड्यांचा सारांश वरच्या कचेरीत एखादे वेळी सापडतो. सभेत कोण काय बोलले हे मात्र त्या एकाच वहीत असते. आमच्या वहीचे शेवटचे पान अर्धे फाटले असून त्यावर थकबाकीदारांच्या यादीचा ठराव, सूचकाचे नाव आणि ‘अनुमोदन’ हा शब्द एवढेच शिल्लक आहे.